दुसऱ्या क्रमांकाचे शहर

बहुतेक जुन्या देशांत सर्वांत मोठे शहर कोणते, हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघालेला असतो. राजा जिथे राहिला तिथे दरबार भरला, दरबाराच्या मागोमाग सराफ आले, सराफांच्या मागोमाग कारागीर आले आणि शहर वाढले. फ्रान्समधील एखादे शहर उद्या पॅरिसशी बरोबरी करू म्हणेल, तर लोक त्याला हसतील. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र असे घडले नाही. तिथे राजा नव्हताच. शिवाय ज्यांनी राष्ट्राची उभारणी केली त्यांनी राजधानीही कोणत्या मोठ्या शहराच्या पदरात टाकली नाही. पोटोमॅक नदीच्या काठी एक नवीच जागा आखली आणि १८०० साली सरकारचे बिऱ्हाड तिकडे हलविले. घटक राज्यांनीही बहुतांशी हाच कित्ता गिरविला. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी, इलिनॉयची स्प्रिंगफील्ड, कॅलिफोर्नियाची सॅक्रमेंटो. तिथल्या बलाढ्य शहरांना राजसत्तेचे छत्र असे मिळालेच नाही. मान मिळवावयाचा, तो स्वतःच्या बळावर आणि शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून.

हा मान मोजावयाचे साधन मात्र राज्यघटनेनेच पुरविले. १७९० पासून दर दहा वर्षांनी तिथे न चुकता शिरगणती होत आलेली आहे. लोकप्रतिनिधींच्या जागांची वाटणी करता यावी, एवढाच तिचा मूळ हेतू. परंतु शहरांनी तिला परीक्षेच्या निकालाचे स्वरूप दिले. वर कोण चढले, खाली कोण उतरले, याची उत्सुकता आणि धास्ती प्रत्येक दशकाच्या शेवटी सबंध देशात पसरे.

ही केवळ पोरकट हौस होती, असे समजणे चुकीचे ठरेल. मराठीत ‘पत’ हा शब्द दुहेरी अर्थाने चालतो. माणसाची अब्रू ती त्याची पत. आणि सावकार ज्या भरवशावर कर्ज देतो, तीही पतच. अमेरिकन शहरांच्या चढाओढीचे मर्म या एका शब्दात सामावलेले आहे. पश्चिमेकडील नव्या गावांजवळ जमीन होती, पाणी होते, धाडस होते. नव्हता तो पैसा. कालवे खणावयाचे, लोहमार्ग टाकावयाचे, धान्याची कोठारे बांधावयाची, तर त्यासाठी भांडवल यावयाचे ते बॉस्टनहून, न्यूयॉर्कहून आणि लंडनहून. दूरचा धनको गाव पाहावयास थोडाच येतो? तो ऐकतो. जे गाव पुढे मोठे होणार असे त्याला वाटेल, तिथे तो पैसा लावतो. आणि त्याने पैसा लावला म्हणूनच ते गाव मोठे होते. म्हणजे कीर्ती हे तिथे वैभवाचे फळ नव्हते, बी होते. आपल्या गावाची तुतारी अहोरात्र फुंकणारे लोक, वृत्तपत्रांचे संपादक, जमिनीचे दलाल, वकील, हे सर्व बढाईखोर होते यात शंका नाही. परंतु त्यांची बढाई हा एक हिशेबी व्यवहार होता.

या व्यवहारातील पहिला मोठा डाव न्यूयॉर्कने जिंकला. अठराव्या शतकात फिलाडेल्फिया हे त्या देशातील विद्येचे, व्यापाराचे आणि राजकारणाचे अग्रगण्य शहर होते. १७९० ते १८०० ही दहा वर्षे तर राजधानीही तिथेच होती. पण १८१७ साली न्यूयॉर्कचा गव्हर्नर डी विट क्लिंटन याने ईरी सरोवरापासून हडसन नदीपर्यंत ३६३ मैलांचा कालवा खणावयास घेतला, १८२५ साली तो पुरा केला, आणि अंतर्भागातील धान्याचा व लाकडाचा ओघ न्यूयॉर्कच्या बंदराकडे वळविला. फिलाडेल्फियाने डोंगरावरून कालवा आणि लोहमार्ग यांची सांगड घालून पाहिली, बाल्टिमोरने १८२८ साली लोहमार्गाचेच काम आरंभिले. पण निसटलेला व्यापार पूर्वीसारखा परत आला नाही.

व्यापार गेला तरी फिलाडेल्फियाची एक कीर्ती शाबूत राहिली, ती वैद्यकविद्येची. १८५० साली तिथे स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते. १८८३ साली आनंदीबाई जोशी सातासमुद्रापलीकडे गेल्या त्या याच महाविद्यालयात, आणि १८८६ च्या मार्च महिन्यात त्यांना पदवी मिळाली त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या होत्या. रमाबाई नंतर त्या देशात बराच काळ हिंडल्या आणि १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकन शहरे ऐन चढाओढीच्या ज्वरात असताना एका मराठी विदुषीने ती डोळसपणे पाहिली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी आठवली जात नाही.

परंतु पत कशी मिळते आणि कशी जाते, हे पाहावयाचे तर न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया सोडून हजारभर मैल पश्चिमेस जावयास हवे. तिथे सेंट लुईस आणि शिकागो या दोन शहरांत जो सामना रंगला, तसा त्या देशात दुसरा झाला नाही.

सृष्टीने सेंट लुईसच्या बाजूने कौल दिलेला होता. फ्रेंच व्यापाऱ्यांनी १७६४ साली वसविलेले हे गाव, मिसूरी आणि मिसिसिपी या दोन महानद्यांच्या संगमाजवळ. खंडाच्या मध्यभागातील पाणी जसे आपसूक तिथे येई, तसा मालही येई. आगबोटींच्या भरभराटीच्या दिवसांत तिथल्या धक्क्यावर मैलभर बोटींची रांग लागलेली असे. १८५० साली सेंट लुईसची वस्ती ७७ हजारांवर होती, तेव्हा शिकागोची पुरती तीस हजारही नव्हती. शिकागो म्हणजे सरोवराकाठची दलदल. तिथे उगवणाऱ्या उग्र वासाच्या रानकांद्यावरून आदिवासींनी दिलेले नाव या गावास चिकटले, असे सांगतात. रस्ते इतके चिखलाचे की पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सबंध गावठाणच काही फूट उचलून घ्यावे लागले. स्क्रूजॅक लावून चारचार मजली इमारती वर उचलल्या गेल्या. १८६१ साली एक मोठे हॉटेल असेच उचलले, त्या कामाच्या ठेकेदारांत पुढे आगगाडीच्या शयनयानांनी प्रसिद्ध झालेला जॉर्ज पुलमन हा एक होता.

सेंट लुईसचा घात झाला तो या अनुकूलतेनेच. नदी आपली आहे, मग मुद्दाम काही करावयाचे कशाला, ही तिथल्या पुढाऱ्यांची मनोमन समजूत. शिकागोला असा भरवसा नव्हता, म्हणून त्याने भरवसा निर्माण केला. १८४८ हे एकच साल घ्यावे. त्या वर्षी शिकागोत सरोवर आणि मिसिसिपीचे खोरे यांना जोडणारा कालवा खुला झाला, पहिली आगगाडी धावली आणि धान्यबाजाराची ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ ही संस्था स्थापन झाली. या तिहींत शेवटची सर्वांत महत्त्वाची. सेंट लुईसमध्ये गहू पोत्यांतून येई. हमाल तो पाठीवर वाहून बोटीत चढवीत. प्रत्येक शेतकऱ्याचे पोते शेवटपर्यंत त्याचेच राही. शिकागोने पोते काढून टाकले. वाफेच्या यंत्राने गहू उंच कोठारात खेचावयाचा, त्याची प्रत ठरवावयाची, एका प्रतीचा सगळा गहू एकत्र ओतावयाचा आणि मालकाच्या हाती फक्त पावती द्यावयाची. मग बाजारात गहू हिंडेनासा झाला, पावती हिंडू लागली. आणि काही वर्षांत अजून न पिकलेल्या गव्हाचेही सौदे होऊ लागले. विल्यम क्रोनन या इतिहासकाराने १९९१ साली लिहिलेल्या ग्रंथात ही प्रक्रिया फार सूक्ष्मपणे उलगडून दाखविली आहे. गव्हाची पत कागदावर आली, आणि त्या कागदावर शिकागोचा शिक्का होता.

दोघांची उघड गाठ पडली ती एका पुलावरून. १८५६ च्या एप्रिल महिन्यात रॉक आयलंड येथे मिसिसिपीवरचा पहिला आगगाडीचा पूल खुला झाला. शिकागोहून निघालेली गाडी आता नदी ओलांडून थेट पश्चिमेत शिरणार होती. पंधरा दिवसांतच एक आगबोट त्या पुलाच्या खांबावर आदळली, पेटली आणि पुलाचा काही भागही जळाला. बोटवाल्यांनी नुकसानभरपाईची फिर्याद केली. त्यांच्यामागे सेंट लुईसच्या व्यापाऱ्यांचे बळ होते. १८५७ साली शिकागोच्या न्यायालयात खटला उभा राहिला, तेव्हा पुलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत एक उंच, सडसडीत वकील होता. त्याचे नाव अब्राहम लिंकन. नदीतून वरखाली जाण्याचा एकाचा जितका हक्क, तितकाच ती ओलांडून जाण्याचा दुसऱ्याचा, अशा आशयाचा युक्तिवाद त्याने केला. ज्यूरीचे एकमत झाले नाही. पण पूल राहिला आणि तेवढे शिकागोला पुरेसे होते. खुद्द सेंट लुईसपाशी नदीवर पूल व्हावयास १८७४ साल उजाडले. जेम्स ईड्सने बांधलेला तो पोलादी पूल आजही उभा आहे आणि स्थापत्याचा अप्रतिम नमुना म्हणून वाखाणला जातो. फक्त तो अठरा वर्षे उशिरा आला.

मध्यंतरी यादवी युद्ध होऊन गेले. १८६१ ते १८६३ या काळात मिसिसिपीच्या खालच्या अंगावर दक्षिणेच्या सैन्याचा अंमल होता. सेंट लुईसचा दक्षिणेकडील व्यापार कोंडला. सैन्याला लागणारे धान्य आणि मांस शिकागोने पुरविले, आणि डुकराच्या मांसाच्या धंद्यात तोवर अग्रेसर असलेल्या सिनसिनाटीलाही मागे टाकले. याच युद्धाने दक्षिणेचा कापूस अडविला म्हणून मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. मुंबईचा तो पूर १८६५ साली ओसरला आणि कित्येक पेढ्या बुडवून गेला. शिकागोचा ओसरला नाही. त्याच वर्षाच्या नाताळात तिथे जनावरांच्या व्यापाराचे प्रचंड आवार खुले झाले.

आता १८७० च्या शिरगणतीकडे येऊ. तिचा निकाल लागला आणि सेंट लुईसमध्ये आनंदीआनंद झाला. सेंट लुईस ३ लाख १० हजार ८६४. शिकागो २ लाख ९८ हजार ९७७. सारे रूळ शिकागोकडे धावत असूनही पहिला मान आपलाच! लोगन रीव्हिस नावाच्या एका उत्साही गृहस्थाने याच सुमारास पुस्तके लिहून असे भाकीत केले की, सेंट लुईस हे जगातील भावी महानगर होय. देशाची राजधानी वॉशिंग्टनहून उचलून तिथे न्यावी, असाही त्याचा आग्रह होता. लोकांनी ते गंभीरपणे ऐकले. परंतु त्या शिरगणतीचे आकडे फुगविलेले होते, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. सरकारी दप्तराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना यातील खरा धोका चटकन कळेल. खोट्या आकड्याने शेजारी फसतो तो थोडा वेळ. ज्याने तो लिहिला तो मात्र त्यावर विसंबून पुढचे निर्णय घेऊ लागतो.

सेंट लुईसने तसेच केले. १८७६ साली शहराने भोवतालच्या परगण्याशी कायमची फारकत घेतली. ग्रामीण भागातील रस्त्यांचा खर्च शहरातील करदात्यांनी का सोसावा, हा त्यांचा प्रश्न. शहराभोवती सुमारे एकसष्ट चौरस मैलांची सीमारेषा आखली गेली आणि ती रेषा आजतागायत हललेली नाही. एवढी जागा आपल्याला जन्मभर पुरेल, असे त्यांना वाटले. आणि आपणच पुढे आहोत, असा आकडा हाती असल्यावर ते वाटणे साहजिकही होते. चार वर्षांनी पुढची शिरगणती आली. शिकागो ५ लाख ३ हजार; सेंट लुईस साडेतीन लाख. शिकागोने सीमेच्या बाबतीत नेमके उलटे धोरण धरले. १८८९ साली त्याने शेजारची गावे मतदानाने आपल्यात ओढून घेतली आणि आपले क्षेत्रफळ एका झटक्यात सुमारे चौपट केले. १८९० साली त्याची वस्ती अकरा लाखांच्या घरात जाऊन फिलाडेल्फियाही मागे पडले आणि शिकागो देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर झाले. त्या अकरा लाखांतील किती जण आदल्या वर्षीपर्यंत आपण शिकागोकर आहोत असे समजत नव्हते, हा वेगळा प्रश्न.

मधल्या काळात, १८७१ च्या ऑक्टोबरात, शिकागो जळाले होते. सुमारे तीनशे माणसे मेली, एक लाख बेघर झाली. एका आयरिश बाईच्या गाईने कंदील लाथाडला म्हणून आग लागली, ही कथा जगभर पसरली. त्या बिचारीला नगरसभेने निर्दोष ठरविले ते थेट १९९७ साली. अशा आगीनंतर गाव उठत नाही, असा सर्वसाधारण अनुभव. शिकागो उठले, आणि त्याचे कारण भावनेचे नव्हते. न्यूयॉर्क आणि बॉस्टन यांचा एवढा पैसा त्या शहरात अडकलेला होता की ते बुडू देणे धनकोंना परवडणारे नव्हते. मोठ्या ऋणकोला सावकारच सांभाळतो, हा अनुभव काही अमेरिकेपुरता नाही. जळालेल्या जागेवर मग पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती उभ्या राहू लागल्या. १८८५ साली पुऱ्या झालेल्या दहा मजली ‘होम इन्शुरन्स’ इमारतीला पुष्कळ जण पहिली गगनचुंबी इमारत मानतात.

दुसरा क्रमांक हाती आल्यावर स्पर्धा उरली ती पहिल्याशी. कोलंबसाच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त जागतिक प्रदर्शन भरवावयाचे ठरले, तेव्हा न्यूयॉर्क, शिकागो, सेंट लुईस आणि वॉशिंग्टन अशी चार शहरे मागणी घेऊन पुढे आली. न्यूयॉर्कमागे मोठमोठे धनिक होते. शिकागोने नागरिकांना भाग विकून पन्नास लाख डॉलर जमविले आणि वेळ पडल्यास ते दुप्पट करण्याची हमी दिली. १८९० च्या फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहात मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि आठव्या फेरीत शिकागो जिंकले. शिकागोला ‘वाऱ्याचे शहर’ म्हणतात, ते त्या झगड्यात न्यूयॉर्कच्या एका संपादकाने त्याच्या वाचाळपणावर केलेल्या कुचेष्टेवरून, असे सर्रास सांगितले जाते. हकीकत मोठी चटकदार, पण खरी नाही. १८७६ च्या सुमारासच सिनसिनाटीच्या वृत्तपत्रांत हे टोपणनाव आढळते. मांसाच्या धंद्यात हरलेल्या शहराने दिलेला तो शेलका आहेर होता.

प्रदर्शन १८९३ साली भरले. डॅनियल बर्नहॅम या वास्तुशिल्पज्ञाने सरोवराकाठी शुभ्र प्रासादांची नगरी उभारली. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याला उत्तर म्हणून जॉर्ज फेरिसने २६४ फूट उंचीचे फिरते चक्र बसविले. आपल्या जत्रेतील आकाशपाळण्याचा हा थोरला भाऊ. सहा महिन्यांत सुमारे पावणेतीन कोटी वेळा लोक त्या दरवाजातून आत गेले. या प्रदर्शनाच्याच अनुषंगाने ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषद सुरू झाली आणि स्वामी विवेकानंदांचे नाव एका दिवसात जगापुढे आले. त्याच व्यासपीठावरून मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मसमाजाच्या वतीने बोलले होते. न्यूयॉर्कवर मात करण्याच्या ईर्षेतून उभ्या राहिलेल्या सोहळ्यात हिंदुस्थानचा आवाज जगाला ऐकू गेला. मत्सराची फळे क्वचित अशीही गोड निघतात.

परंतु तो शुभ्र देखावा प्लास्टर आणि तागाच्या तंतूंचा होता. प्रदर्शन संपण्यास दोन दिवस असताना महापौर कार्टर हॅरिसन यांचा त्यांच्याच घरी खून झाला. देशात मंदी आलेलीच होती. पुलमनने कामगारांची मजुरी कापली, मात्र आपल्या वसाहतीतील त्यांच्या घरांची भाडी कमी केली नाहीत. १८९४ साली संप झाला, लष्कर आले, आणि त्याच जुलै महिन्यात प्रदर्शनाचे उरलेसुरले प्रासाद जळून गेले. जगाला जे शिकागो दाखविले गेले, त्याच्या मागच्या अंगाला घाण पाणी, कत्तलखान्यांची दुर्गंधी आणि अपुरी मजुरी होती. १८९१ या एका वर्षात विषमज्वराने त्या शहरात सुमारे दोन हजार माणसे दगावली होती. शहराचे मैलापाणी नदीत, नदी सरोवरात आणि पिण्याचे पाणी त्याच सरोवरातले, अशी ती व्यवस्था!

त्यावर शिकागोने योजलेला उपाय त्याच्या स्वभावाला साजेसाच होता. त्याने नदी उलटी वाहवली. अठ्ठावीस मैलांचा कालवा खणून तिचे पाणी सरोवराऐवजी मिसिसिपीच्या खोऱ्यात सोडले. आणि मिसिसिपीच्या काठी, खालच्या अंगाला, कोण होते? सेंट लुईस. पन्नास वर्षांच्या वैऱ्याची घाण आता त्याच्या दाराशी येणार होती. न्यायालयाचा मनाईहुकूम येण्याच्या आत कालवा खुला करावा म्हणून शिकागोच्या अधिकाऱ्यांनी २ जानेवारी १९०० रोजी, कसलाही समारंभ न करता, घाईघाईने बांध फोडला. पंधरा दिवसांत मिसूरी राज्याने इलिनॉय राज्यावर सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. जंतूंनी भरलेली पिंपे कालव्यात ओतून ते जंतू खाली कुठवर पोचतात याचे प्रयोगही झाले. १९०६ साली न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला, तो मिसूरीच्या विरुद्ध. अपाय सिद्ध झालेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय मिसूरीतील गावेही आपले मैलापाणी त्याच नदीत सोडतात, याचाही उल्लेख निकालपत्रात आहे. सेंट लुईसने त्यापूर्वी आपले समाधान एका वेगळ्या मार्गाने करून घेतले होते. १९०४ चे ऑलिंपिक सामने शिकागोला मिळालेले होते. सेंट लुईसने आपल्या त्याच वर्षीच्या जागतिक प्रदर्शनासाठी ते स्वतःकडे ओढून घेतले.

न्यूयॉर्कही स्वस्थ बसलेले नव्हते. शिकागो आज ना उद्या आपल्याला गाठील, ही धास्ती तिथल्या शहाण्यांना लागलीच होती. नदीपलीकडील ब्रुकलिन हे त्या वेळी स्वतंत्र शहर होते, आणि त्याला आपल्या वेगळेपणाचा अभिमान होता. १८९४ साली विलीनीकरणावर ब्रुकलिनचे मत घेतले, तेव्हा सव्वा लाखाहून अधिक मतांत अवघ्या २७७ मतांनी कौल अनुकूल पडला. १ जानेवारी १८९८ रोजी बृहन्न्यूयॉर्क अस्तित्वात आले. वस्ती चौतीस लाखांच्या आसपास. पहिला क्रमांक शिकागोच्या आवाक्याबाहेर गेला तो कायमचाच, आणि ब्रुकलिनमधील जुन्या कुटुंबांत त्या दिवसाची हळहळ पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिली.

१९५२ साली ए. जे. लीब्लिंग या न्यूयॉर्कच्या लेखकाने शिकागोवर एक बोचरे पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच त्या शहराला ‘दुसरे शहर’ म्हणून हिणविले. १९५९ साली शिकागोतील काही तरुण नटांनी विनोदी नाट्यप्रयोगांची एक संस्था काढली आणि तिला तेच नाव दिले, ‘द सेकंड सिटी’. ती पुढे जगप्रसिद्ध झाली. शिवी अंगरख्यासारखी घालून मिरविण्याची ही रीत मोठ्या मनाची खरी. गंमत एवढीच की १९९० च्या शिरगणतीत तो दुसरा क्रमांकही गेला. लॉस एंजेलिसने तो घेतला. १८८० साली जेमतेम अकरा हजार वस्तीचे हे गाव. त्याने १९१३ साली २३३ मैलांवरून ओवेन्स खोऱ्यातील पाणी आणले, १९२० साली सॅन फ्रान्सिस्कोला मागे टाकले, आणि ते खोरे पाण्यावाचून कोरडे पडले. कीर्ती एका शहराची आणि तहान दुसऱ्याच गावाची, हा प्रकार शिकागोच्या कालव्याहून फारसा निराळा नव्हे. २०२० साली फिनिक्सने फिलाडेल्फियाला पाचव्या क्रमांकावरून खाली ढकलले. त्याच शिरगणतीत सेंट लुईसची वस्ती ३ लाख १ हजार ५७८ निघाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या वादग्रस्त आकड्याहूनही ती कमी आहे. भोवतालच्या उपनगरांत लाखो लोक राहतात. परंतु ते १८७६ च्या रेषेपलीकडे आहेत, आणि मोजले जातात ते वेगळे.

शिकागोने उंचीचा मान मात्र दीर्घकाळ सांभाळला. ढाक्यास जन्मलेले अभियंते फझलुर रहमान खान यांच्या रचनेनुसार बांधलेला ११० मजली सीअर्स टॉवर १९७४ पासून दोन दशकांहून अधिक काळ जगातील उंच इमारतींत अग्रभागी गणला गेला, आणि अमेरिकेत तर त्याला जोड नव्हती. मग न्यूयॉर्कने नवे जागतिक व्यापार केंद्र बांधले. त्याच्या छपराची उंची शिकागोच्या इमारतीहून कमी. पण माथ्यावरचे निमुळते टोक धरले तर ती १७७६ फूट, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे साल. ते टोक हा वास्तूचा भाग मानावयाचा की नुसती हवाई तार? या प्रश्नाचा निर्णय उंच इमारतींविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ च्या नोव्हेंबर महिन्यात दिला. परिषदेचे कार्यालय शिकागोत, निर्णय देणारी बैठकही शिकागोत, आणि निकाल न्यूयॉर्कच्या बाजूने. शिकागोतील इमारतीचे नाव त्याआधीच, २००९ साली, बदलून विलिस टॉवर झालेले आहे. जिच्या नावाने ती उभी राहिली ती सीअर्स कंपनी फार पूर्वी तिथून निघून गेली आणि २०१८ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तरी रस्त्यावरच्या शिकागोकराला विचारले, तर तो आजही बोट दाखवून सीअर्स टॉवरच म्हणतो.